अंगणवाडीचा पैसा: तो कुठून येतो आणि आपल्या गावापर्यंत कसा आणायचा

ग्रामपंचायतीत निवडून आले त्या पहिल्याच पावसाळ्यात आमच्या अंगणवाडीचं छत गळत होतं. मुलं एका कोपऱ्यात दाटीवाटीनं बसायची आणि उरलेल्या खोलीत ताईंनी पातेली मांडून ठेवलेली असायची. सरपंच म्हणाले, "ते खातं वेगळं, ते एकात्मिकचं." तालुक्याच्या कार्यालयात गेले तर तिथे ऐकलं, "इमारत ग्रामपंचायतीची, आम्ही काय करणार?" दोघंही खोटं बोलत नव्हते, हे समजायला मला वर्ष लागलं. अंगणवाडीतल्या खिचडीचा पैसा एका वाटेनं येतो, ताईंच्या मानधनाचा दुसऱ्या वाटेनं, छताचा तिसऱ्या. आणि मुलांच्या हातात द्यायच्या ठोकळ्यांचा पैसा बहुतेक वेळा येतच नाही, कारण तो कुणी मागितलेलाच नसतो.

हा लेख ग्रामपंचायत सदस्य, पालक, बचत गटाच्या बायका आणि गावात काम करणारी तरुण मुलं यांच्यासाठी आहे. कोणती वस्तू कोणत्या दारात मागायची, कधी मागायची आणि कागदावर काय लिहायचं, एवढंच यात आहे.

आधी साखळी ओळखा

एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. सेवा सहा ठरल्या: पूरक पोषण आहार, पूर्वशालेय शिक्षण, आहार-आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा, म्हणजे गरज पडली तर दवाखान्यात पाठवणं. यातल्या शेवटच्या तीन आरोग्य खात्याच्या मदतीनं चालतात. आज योजनेचं नाव 'सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.०' असं आहे, पण कार्यालयात अजून सगळे 'आयसीडीएस' किंवा 'एकात्मिक'च म्हणतात.

दिल्लीत केंद्राचं महिला व बालविकास मंत्रालय, मुंबईत राज्याचा महिला व बालविकास विभाग आणि त्याच्या हाताखाली नवी मुंबईतलं आयुक्तालय. जिल्ह्यात जिल्हा परिषदेचा महिला व बालविकास विभाग. तालुक्यात बाल विकास प्रकल्प अधिकारी, ज्यांना गावात 'सीडीपीओ मॅडम' म्हणतात. त्यांच्याखाली साधारण पंचवीस अंगणवाड्यांचा बीट सांभाळणाऱ्या मुख्य सेविका, म्हणजे पर्यवेक्षिका. सगळ्यात शेवटी आपल्या गावातल्या सेविका आणि मदतनीस. महाराष्ट्रात अशा सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत, देशात १४ लाखांच्या आसपास.

पैशाची वाटणी अशी. महाराष्ट्रासारख्या राज्यात आहाराचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात, बाकीच्या मंजूर बाबींसाठी केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांसाठी हेच प्रमाण ९०:१० आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या योजनेसाठी २१,९६० कोटी रुपये ठेवले होते. आकडा डोळे दिपवणारा वाटतो. १४ लाख अंगणवाड्यांत सारखा वाटला तर केंद्राकडून एका अंगणवाडीमागे वर्षाला दीड लाखाहून थोडे जास्त येतात, आणि त्यातच आहार, मानधन, मोबाइल, प्रशिक्षण, सगळं. हे गणित मी मुद्दाम सांगते, कारण 'सरकार एवढे कोटी देतं, ते जातात कुठे' असा जाब गावात सेविकेला विचारला जातो. तिच्या हातात यातलं फार थोडं येतं.

पैसा एकदम येत नाही, हप्त्यांनी येतो. आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, गेलं नाही किंवा राज्याचा वाटा वेळेत जमा झाला नाही, की पुढचा हप्ता अडतो. तालुक्यात "निधी आला नाही" असं म्हणतात, तेव्हा बऱ्याचदा याच दोन गाठींपैकी एक कुठेतरी बसलेली असते. म्हणून पुढचा प्रश्न नेहमी असा विचारा: "कोणत्या बाबीचा, कोणत्या तिमाहीचा, आणि कुठे अडला आहे?"

पायरी १: एक सकाळ अंगणवाडीत बसा

तक्रार घेऊन जाऊ नका, वही घेऊन जा. ताईंना आदल्या दिवशी सांगून जा. नऊ-दहा वाजल्यापासून मुलं घरी जाईपर्यंत बसा. वहीचं पान उभं चार भागांत वाटा: आहार, माणसं, इमारत, शिक्षण. दिसेल ती कमतरता त्या त्या रकान्यात टाका. वजनकाटा बिघडला आहे का, नळाला पाणी आहे का, मदतनीस आहे का, मुलांच्या हातात खेळायला काय आहे, भिंतीवरची चित्रं मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर आहेत की मोठ्यांच्या.

हे चार रकाने म्हणजे चार वेगळ्या थैल्या आहेत. एकाच अर्जात सगळं कोंबलं की तो अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो, कारण प्रत्येकाला त्यातला एकच मुद्दा आपला वाटतो.

गावात किंवा वस्तीवर अंगणवाडीच नसेल, तर पहिलं काम वेगळं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २००६ मध्ये स्पष्ट आदेश दिला आहे: ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती मिळाली पाहिजे. धनगरवाडा, पारधी वस्ती, शहराकडेची झोपडपट्टी, सगळ्यांना हे लागू आहे. मुलांची नावं, जन्मतारखा आणि आईचं नाव अशी यादी करा, पालकांच्या सह्या-अंगठे घ्या, ग्रामसभेचा ठराव जोडा आणि प्रकल्प कार्यालयातून पोहोच घ्या. पोहोचेवरच्या तारखेपासून तीन महिने मोजायचे.

पायरी २: आहाराचा हिशेब हक्कानं मागा

आहार ही अंगणवाडीतली सगळ्यात भक्कम थैली, कारण तिच्यामागे राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ उभा आहे. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना आणि गरोदर-स्तनदा मातांना घरपोच आहार, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना सकाळचा नाश्ता आणि गरम ताजं जेवण. वर्षाला ३०० दिवस. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, गरोदर आणि स्तनदा मातेला ६०० कॅलरी, तीव्र कुपोषित मुलाला ८००.

दर २०१७ मध्ये ठरले: मुलामागे रोज ८ रुपये, मातेमागे ९ रुपये ५० पैसे, तीव्र कुपोषित मुलामागे १२ रुपये. तेव्हापासून तूरडाळ आणि तेल कुठे गेलं, ते स्वयंपाकघरातल्या प्रत्येकीला माहीत आहे. हे दर अपुरे आहेत, असं मला मनापासून वाटतं. आठ रुपयांत मुलाला वाढवायला निघालेला देश त्या मुलाकडून पुढे पुष्कळ अपेक्षा करतो. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पीय भाषणात दर वाढवण्याची घोषणा झाली होती, म्हणून हिशेबाला बसण्याआधी चालू दर प्रकल्प कार्यालयातून लेखी घ्या.

हिशेब सोपा आहे. समजा तीन ते सहा वर्षांची ३० मुलं रोज येतात आणि महिन्यात २५ दिवस अंगणवाडी भरली. ३० गुणिले ८ गुणिले २५, म्हणजे ६,००० रुपये. बचत गट आहार शिजवत असेल, तर त्यांचं त्या महिन्याचं देयक याच्या आसपास असायला हवं. आता तीन गोष्टी शेजारी ठेवा: हजेरीपट, देयकावरचा मुलांचा आकडा आणि तुम्ही स्वतः मोजलेली मुलं. तिन्ही जुळले तर छान. हजेरीपट फुगलेला असेल तर आरडाओरडा करण्याआधी कारण विचारा. कधी खरंच चोरी असते. कधी मागच्या चार महिन्यांचं देयक थकलेलं असतं आणि गटाच्या बायका किराणा दुकानातल्या उधारीवर चूल पेटती ठेवत असतात. अशा वेळी लढाई तालुक्याशी करायची असते, गटाशी नाही. गटाला सांगा: प्रत्येक देयकाची दुसरी प्रत ठेवा आणि तीवर कार्यालयाचा शिक्का व तारीख घ्या.

ठेकेदाराचा प्रश्न कधी निघाला तर लक्षात ठेवा, सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २००४ मध्येच म्हटलं आहे की अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार वापरू नयेत आणि शक्यतो गावातले लोक, बचत गट, महिला मंडळं यांच्यामार्फत खर्च व्हावा.

आदिवासी भागात आणखी एक स्वतंत्र थैली आहे: डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना, २०१५ पासून. गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण, तर दुसऱ्या टप्प्यात मुलांना अंडी किंवा केळी. हा पैसा आदिवासी विकास विभागाचा, राबवते अंगणवाडी. अंडी बंद झाली तर चौकशी दोन्हीकडे करावी लागते.

आहार मिळालाच नाही तर कायद्याच्या कलम ८ प्रमाणे अन्न सुरक्षा भत्ता मागता येतो. तक्रार जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, त्यावर राज्य अन्न आयोगाकडे. घरपोच आहारासाठी मोबाइलवर चेहरा पडताळणी सक्तीची झाल्यापासून काही मातांची नावं तांत्रिक कारणानं अडतात. अशा नावांची यादी पर्यवेक्षिकेला लेखी द्या. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचं काम दिवाळीआधी करा. पोषण ट्रॅकरमध्ये, म्हणजे सेविकेच्या मोबाइलवरच्या नोंदींच्या ॲपमध्ये, मुलाचं नाव दुसऱ्या गावच्या अंगणवाडीत हलवता येतं, पण ते इथून निघण्यापूर्वी ताईंना सांगितलं तर. नाहीतर बीडचं मूल कारखान्यावर सहा महिने कुठल्याच यादीत नसतं.

पायरी ३: माणसांबद्दल काय मागता येतं

ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राच्या हिशेबात सेविकेचं मानधन ४,५०० रुपये आणि मदतनिसाचं २,२५० रुपये. यात केंद्र-राज्य ६०:४० वाटा असतो आणि त्याउपर राज्य स्वतःची भर घालतं. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सेविकांचं मानधन १०,००० वर नेलं. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ मधला दीर्घ संप अनेकांना आठवत असेल. सर्वोच्च न्यायालयानं २५ एप्रिल २०२२ रोजी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, तरी त्यांचं पद अजून 'मानधनी'च आहे.

मानधन गावाच्या हातात नाही. पण रिक्त पद भरण्याची मागणी करणं आहे. मदतनीस नसलेली अंगणवाडी म्हणजे ताई चुलीपाशी आणि मुलं वाऱ्यावर. भरती प्रकल्प स्तरावर, स्थानिक महिलांमधून होते, म्हणून पद किती महिन्यांपासून रिकामं आहे ते लिहून प्रकल्प अधिकाऱ्याला ग्रामसभेचा ठराव पाठवा. दुसरं, ताईंवर टाकलेल्या इतर कामांची महिनाभराची नोंद ठेवा: सर्वेक्षणं, मतदार यादी, वेगवेगळ्या योजनांचे अर्ज भरणं. 'पूर्वशालेय शिक्षणाचे किती तास बुडाले' हा आकडा एका कागदावर आला, की बैठकीत तो टाळता येत नाही.

पायरी ४: इमारत, म्हणजे खरी ग्रामपंचायतीची परीक्षा

पोषण २.० च्या मार्गदर्शक सूचनांत नव्या अंगणवाडी इमारतीसाठी १२ लाखांचं सूत्र आहे: ८ लाख रोजगार हमीतून, २ लाख वित्त आयोग किंवा इतर निधीतून, २ लाख महिला व बालविकासकडून. शौचालयासाठी ३६,००० आणि पिण्याच्या पाण्याच्या सोयीसाठी १७,००० रुपयांची स्वतंत्र तरतूद आहे. रोजगार हमीचे आणि वित्त आयोगाचे नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करण्याआधी पंचायत समितीतल्या कक्षातून त्या वर्षीचं परिपत्रक हातात घ्या.

सूत्र तिघांच्या पैशाचं असल्यामुळे इमारत तिघांमध्ये लटकते. ती सुटण्यासाठी क्रम महत्त्वाचा. आधी जागेचा कागद: गावठाणातली जागा ग्रामपंचायतीच्या नावे आहे, हे दाखवणारा उतारा. जागेचा वाद असेल तर बाकी सगळं व्यर्थ. मग ग्रामसभेचा ठराव. मग शाखा अभियंत्याकडून अंदाजपत्रक. मग रोजगार हमीच्या वार्षिक आराखड्यात कामाचं नाव, आणि त्याच वेळी गाव विकास आराखड्यातही तेच नाव, तेच शब्द. एकीकडे 'अंगणवाडी बांधकाम' आणि दुसरीकडे 'बालवाडी खोली' असं पडलं, म्हणून काम परत आलेलं मी पाहिलं आहे.

चौथी वाट जिल्हा नियोजन समितीची. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात. जिल्हा वार्षिक योजनेतला ३ टक्के निधी महिला व बालविकासासाठी ठेवायचा, असं राज्यानं ठरवलं आहे. जिल्हा परिषदेच्या महिला व बालविकास विभागाकडे प्रस्ताव असेल तरच आपलं गाव त्या यादीत येतं. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी अनुसूचित भागातल्या ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो, आणि तो कशावर खर्चायचा ते ग्रामसभा ठरवते.

गळकं छत, तुटलेली फरशी, दाराची कडी, या डागडुजीसाठी मात्र वरच्या कुणाची वाट पाहू नका. ती पुढच्या थैलीतून होते.

पायरी ५: शिक्षण, जिथे गावानं पुढे यायला हवं

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो मुद्दा. आहाराला रोजचा, माणशी ठरलेला दर आहे, कायदा आहे, न्यायालयाचे आदेश आहेत. शिक्षणाला असं काहीच नाही. संविधानाचं अनुच्छेद ४५ सहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शिक्षण-संगोपनासाठी राज्यानं 'प्रयत्न करावा' एवढंच म्हणतं. शिक्षण हक्क कायद्याचा हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नं तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला, मे २०२३ मध्ये अंगणवाडीत आहाराबरोबर शिक्षणावर भर देणारा 'पोषण भी पढाई भी' हा केंद्राचा उपक्रम सुरू झाला, 'आधारशिला' अभ्यासक्रम आला, आपल्याकडे त्याआधीपासून 'आकार' आहे. कागद भरपूर आहेत. पण अंगणवाडीत दिसणारी वस्तू म्हणजे वर्षातून एकदा येणारा पूर्वशालेय शिक्षण संच, आणि तो कधी येतो, कधी येत नाही.

ही परंपरा आपल्याच मातीतली आहे, म्हणून जास्त वाईट वाटतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला वाड्यापाड्यांतल्या मुलांसाठी जे उभं केलं, त्यातच 'अंगणवाडी' या कल्पनेचं मूळ आहे. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात जाईल. बिया, शंख, माती, पानं, हेच त्यांचं साहित्य. मोठ्या निधीची नव्हे, पण रोजच्या थोड्या वेळाची आणि सजग माणसाची त्याला गरज होती.

आता थैली. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. समजा तुमच्या गावचं घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं मिळून स्वउत्पन्न ६ लाख आहे, तर ६०,००० रुपये. बहुतेक गावांत हे पैसे शिलाई यंत्रं, खुर्च्या किंवा वर्षअखेरीच्या घाईत काहीतरी घेण्यात जातात. ग्रामसेवकांना नम्रपणे विचारा: मागच्या तीन वर्षांत या १० टक्क्यांतून काय घेतलं, आणि किती शिल्लक आहे? याशिवाय ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत मुक्त निधी असतो. वजनकाट्याची दुरुस्ती, हात धुण्याची सोय अशा गोष्टी त्यातून निघतात.

काय घ्यावं? टीव्ही नको. तीन-चार वर्षांच्या मुलाला पडदा नाही, हात लावायला वस्तू हवी. लाकडी ठोकळे, मोठे मणी आणि दोरे, वेगवेगळ्या आकारांची झाकणं, मोठ्या चित्रांची मराठी पुस्तकं, कोरे कागद आणि जाड खडू, बसायला सतरंज्या, मुलांचा हात पोहोचेल एवढं उघडं मांडणं. बाहेर एक वाळूचा हौद. आदिवासी वस्तीत मुलांची घरची बोली वारली, कातकरी, कोरकू अशी असेल, तर त्या बोलीतली गाणी-गोष्टी सांगायला आठवड्यातून दोनदा गावातली आजी बोलवा. त्याला एक रुपया लागत नाही.

शहरात ही पायरी अवघड होते. नागरी प्रकल्पांतल्या अंगणवाड्या थेट आयुक्तालयाच्या अखत्यारीत चालतात, महापालिकेच्या बालवाड्या वेगळ्या असतात, आणि ग्रामसभाही नसते. तिथे नगरसेवकाकडे वस्तूंची, नागरी प्रकल्प अधिकाऱ्याकडे जागेची मागणी करावी लागते.

पायरी ६: वेळ साधा

एप्रिलमध्ये मागितलेलं बहुतेक वेळा मिळत नाही, कारण वाटणी आधीच झालेली असते. गाव विकास आराखड्याचं काम २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होतं, म्हणून वहीतले चार रकाने सप्टेंबरमध्येच तयार ठेवा. त्याआधी महिला ग्रामसभा होते. तिथे ठराव घेतला तर मुख्य सभेत कुणी सहज डावलत नाही. केंद्राचा अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला, राज्याचा साधारण मार्चमध्ये, पुरवणी मागण्या पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात. थकलेल्या देयकांबद्दल आमदारांना निवेदन द्यायचं तर अधिवेशनाच्या पंधरवडाभर आधी द्या, म्हणजे त्यांना प्रश्न मांडता येतो.

ठराव मोघम असू नये. 'अंगणवाडीला सुविधा देण्यात याव्यात' हा ठराव म्हणजे कागद वाया. असा लिहा:

"अंगणवाडी क्र. ___ येथील ३२ मुलांसाठी पूर्वशालेय शिक्षण साहित्य (सोबतच्या यादीप्रमाणे) रु. १८,००० व छत दुरुस्ती रु. २२,००० हा खर्च ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील महिला व बालकल्याणाच्या १० टक्के निधीतून करण्यास, व सदर काम ३१ डिसेंबरपूर्वी पूर्ण करण्यास ही ग्रामसभा मंजुरी देत आहे."

रक्कम, निधीचं नाव, तारीख. तिन्ही हवेत.

पायरी ७: उत्तर आलं नाही तर

दोन लेखी स्मरणपत्रांनंतर माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, सोबत १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. 'भ्रष्टाचाराची माहिती द्या' असं लिहिलं तर काहीच हाती लागत नाही. प्रकल्प कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला हे विचारा: अमुक ते अमुक काळात अंगणवाडी क्र. ___ साठी बाबनिहाय मंजूर, प्राप्त आणि खर्च रक्कम, बचत गटाची आहार देयकं सादर झाल्याच्या आणि अदा झाल्याच्या तारखा, आणि पूर्वशालेय शिक्षण संच मिळाल्याच्या पोहोचेची प्रत. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

अर्जात सेविकेचं नाव घालू नका. वरून चौकशीचा फोन सगळ्यात आधी तिलाच येतो, आणि गावातल्या मुलांसाठी उद्या सकाळी दार उघडणारी तीच असते. अर्ज टाकण्याआधी तिला सांगा, तो कशासाठी आहे ते समजावा. तिच्याकडच्या जुन्या नोंदी आणि पोहोचा पाहून अर्जातला प्रश्न बऱ्याचदा अधिक नेमका होतो.

वस्तू आल्या की साठा नोंदवहीत त्यांची नोंद करून घ्या आणि आठवड्यानं पुन्हा एकदा अंगणवाडीत जा. आमच्याकडे ठोकळे आले तेव्हा ते कपाटात कुलूपबंद होते. हरवले तर भरून द्यावे लागतील, अशी ताईंना भीती होती. 'वापरताना तुटलेलं किंवा हरवलेलं साहित्य निर्लेखित (नोंदवहीतून कमी) करता येईल, त्याची वसुली सेविकेकडून होणार नाही' असा एक छोटा ठराव मासिक सभेत केला, त्याची प्रत त्यांच्या हातात दिली, आणि त्याच दुपारी कपाट उघडलं.